पायातलं काढा, मग बोला

ब्रह्मदेशाच्या एका राजाशी माझं भांडण आहे. तो मरून शंभराहून जास्त वर्षं झाली, आमच्या निपाणीत त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही, आणि मी स्वतः नोकरीपायी बेळगाव गाठलं तेवढंच, त्याच्या पलीकडं फारशी गेलेली नाही. तरी भांडण आहे. हसायचं असेल तर हसा. त्या राजापायी माझ्या आईचं नाव दगडावरून गेलं, आणि हे मी त्याच्या एकुलत्या एक भक्ताला तोंडावर सुनावलं होतं.

भक्त म्हणजे आमचे अण्णा. सख्खे कुणी नव्हेत; अख्खी गल्लीच त्यांना अण्णा म्हणायची. दगडावर अक्षरं कोरायचा त्यांचा धंदा. देवळातल्या देणगीदारांच्या फरश्या, समाधीचे दगड, घरांच्या पाट्या आणि सगळ्यात जास्त म्हणजे कोनशिला. अमक्याच्या शुभहस्ते तमक्याचं उद्घाटन. जुन्या हायवेला लागून, तंबाखूच्या वखारीमागं त्यांची पत्र्याची शेड होती. आत संगमरवराचा पांढरा भुगा इतका, की अण्णांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या. दाराच्या चौकटीवर एक फळी ठोकलेली, तिच्यावर त्यांच्याच हातची अक्षरं: पायातलं काढा, मग बोला. खाली तेच कन्नडमध्ये.

एकदा काही पोरं आली आणि म्हणाली, वरची ओळ काढून टाका. पंधरा दिवसांनी दुसरी पोरं आली, त्यांना खालची ओळ नको होती. दोन्ही टोळक्यांना अण्णांनी मान वर न करता एकच सांगितलं, "फळीवर काय लिवलंय? तेवडं करा, मग बोला." दोन्ही टोळकी तणतणत गेली. फळी होती तशीच राहिली.

"अण्णा, देऊळ हाय व्हय ह्ये?" असं गिऱ्हाईक कुरकुरलं की ते छिन्नीनं जमिनीकडं दाखवायचे. "अक्षरं पडल्यात खाली. तुज्या बाचं नाव असंल त्यात. दे पाय."

गिऱ्हाईक मुकाट्यानं चपला काढायचं. पण हे कारण वरवरचं. खरं कारण भिंतीवर होतं. कुठल्याशा मासिकातून कापलेलं, काचेत बसवलेलं एक चित्र: रांगेनं उभी पांढरी छोटी देवळं, मोजता येणार नाहीत इतकी. ते मंडाले. अण्णांचे वडील मूळचे उचगावचे, फौजेतून दुसऱ्या महायुद्धात तिकडं गेलेले. परत आले ते पायात एक गोळी आणि डोक्यात तो राजा घेऊन. पोरानं बापाकडून छिन्नी घेतली आणि राजाही घेतला.

"राजाला नावानं हाक मारत न्हाईत," असं म्हणून अण्णांनी त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. "आमचा राजा" म्हणायचे, जणू पलीकडच्या गल्लीत राहतो. तर ह्या त्यांच्या राजानं सबंध धर्मग्रंथ संगमरवरावर कोरून घेतला. सातशेच्या वर शिळा. एका शिळेला एक देऊळ. अक्षरांत सोनं भरलं. पुढं इंग्रज आले आणि त्यांच्या सोजिरांनी ते सोनं खरवडून नेलं. ही गोष्ट सांगताना अण्णा इथं थांबायचे, माझा हात धरून माझं बोट कोरलेल्या अक्षरात घालायचे आणि म्हणायचे, "सोनं खरवडून नेता येतंय. खड्डा न्हेता येत न्हाय."

मी तेव्हा सातवी-आठवीत. मला ते लई भारी वाटायचं. आता वाटतं, सोनं नेणाऱ्यांबद्दल अण्णा एक शिवी का घालत नव्हते? मी घातली असती.

सकाळच्या चहाला राजाचा विषय ठरलेला. नगरपालिकेचा शिपाई कागद पुढं सरकवायला चिरीमिरी मागतो असं कुणी म्हटलं, की अण्णा कप खाली ठेवायचे. "आमच्या राजानं अंमलदारांना पगार चालू केलता. आदी ते मुलूख खाऊन जगायचे. त्यानं सांगितलं, पगार घ्या आन् खायाचं बंद करा." फोनला रेंज नाही म्हटलं, की राजानं मंडालेत तार कशी आणली ते. एस.टी. चुकली, की राजाच्या आगबोटी. कुणी जाणता माणूस मध्येच म्हणायचा, "इंग्रजांनी कैद करून रत्नागिरीला आणून ठेवलेला तोच न्हवं?" की अण्णा असे उसळायचे! "तो पोरगा! सगळ्यांना पोरगा ठावं हाय. बाप कुनालाच ठावं न्हाय!"

त्या बापाचे, म्हणजे त्यांच्या राजाचे, दोन हट्ट अण्णांना तोंडपाठ. पहिला: भावानं लढाईत घालवलेला दक्षिणेकडचा मुलूख तुमचा झाला, अशी सही इंग्रजांनी मागितली. ती त्यानं मरेपर्यंत केली नाही. दुसरा बुटांचा. इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, दरबारात यायचा तेव्हा रीतीप्रमाणं बूट काढून, खाली बसून बोलायचा. मग कलकत्त्याहून हुकूम आला, आता बूट काढायचे नाहीत. राजा म्हणाला, मग भेटायचंही नाही. आणि खरंच, त्यानंतर वकिलाला त्यानं तोंड दाखवलं नाही.

"बगा," अण्णा म्हणायचे, "मान असा असतोय."

आता माझ्या आईच्या दगडाचं सांगते. आमच्या गल्लीच्या शाळेला एक खोली कमी होती. तिसरीचा वर्ग लिंबाखाली बसायचा. सरकारदरबारी अर्ज करून मास्तर थकले, तेव्हा विड्या वळणाऱ्या एकवीस बायकांनी पदर खोचला. विड्या जमा करून आल्या की दगड वाहायच्या, ओढ्यातली वाळू वाहायच्या, गवंड्याच्या हाताखाली राबायच्या. पावसाळा तोंडावर असताना खोली उभी राहिली. अण्णांनी स्वतः होऊन एक संगमरवरी शिळा आणली आणि म्हणाले, नावं सांगा.

बायका लाजल्या. एकीनं नवऱ्याचं नाव सांगितलं, दुसरीनं थोरल्या पोराचं. अण्णा खवळले. "वाळू नवऱ्यानं व्हायली काय गं? तुजं सांग, तुजं!"

एकवीस नावं. नुसती बायकांची, पुढं-मागं कुणी नाही. सगळी एका मापाची. माझी आई, पार्वती, तिसऱ्या ओळीत दुसरी.

आईला वाचता येत नाही. शिवाय जन्मभर पानावर पान वळून तिच्या बोटांची टोकं अशी झिजलीत, की रेशनच्या दुकानातल्या मशीनला तिचा अंगठा उमटत नाही. चारचारदा बोट पुसून ठेवायचं, मशीन लाल दिवा दाखवणार, मागची रांग ओरडणार. स्वतःच्या हक्काच्या तांदळासाठी माझी आई तिथं चोरासारखी उभी राहते, आणि मला ते मशीन उचलून आपटावंसं वाटतं. अण्णांना ही बोटं ठाऊक होती. म्हणून त्यांनी ती अक्षरं नेहमीपेक्षा खोल मारली. एकेकीला बोलावून तिचं बोट तिच्या नावातून फिरवलं. "मशीनला कळू न्हाय तर न्हाय," ते म्हणाले, "दगडाला कळतंय."

त्यानंतर बाजारला जाताना आई शाळेवरून वाट वाकडी करून जायची. वरून तिसरी ओळ, कडेनं दुसरं नाव. बोट फिरवायची आणि पुढं चालू लागायची. जगात कुठंही तिचं नाव एवढं एकटं, एवढं तिचं असं लिहिलेलं नव्हतं.

मग साहेब आले. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव सांगायची माझी इच्छा नाही, त्यांचं नाव पुष्कळ ठिकाणी आहे. शाळेची नवी इमारत मंजूर झाली, जुनी खोली पाडली, आणि बायकांची शिळा ठेकेदाराच्या माणसांनी काढून ट्रॉलीत टाकली. चांगला संगमरवर फुकट कशाला घालवायचा? ह्या धंद्यात एक रीत आहे. जुनी शिळा उलटी करतात, पाठ घासून गुळगुळीत करतात आणि नवं नाव पाठीवर कोरतात. जुनं नाव भिंतीच्या बाजूला, सिमेंटच्या आत जातं. दिसत नाही, पण असतं.

ती शिळा घेऊन साहेब जातीनं अण्णांच्या शेडवर आले, कारण अण्णांच्या अक्षराला तोड नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. आई शेजारच्या वखारीच्या कट्ट्यावर बसलेली. तिनं सगळं डोळ्यांनी बघितलं. पांढरी गाडी, पाच-सहा माणसं, साहेबांच्या पायांत चकचकीत बूट. फळी वाचून साहेब हसले आणि बुटांसकट आत शिरले. अण्णा उठले, मागच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

"अहो, साहेब आल्यात!" माणसांनी हाका मारल्या.

आतून आवाज आला, "फळीवर लिवलंय."

अर्धा तास. साहेब घामेजले, चिडले आणि निघून गेले. शिळा मशीनवर अक्षरं कोरणाऱ्या दुसऱ्या दुकानदाराकडं, मशीनवाल्याकडं गेली. त्याला कसली रीत आणि कसलं काय! पाठ ओबडधोबड, तिला घासत बसायला वेळ लागणार, म्हणून त्यानं सरळ पुढची बाजू ग्राइंडरखाली धरली. एकवीस नावं. अण्णा म्हणायचे, खड्डा नेता येत नाही. येतो की! मशीन लावलं की दुपारच्या जेवणाआधी येतो.

आईनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. नुसतं म्हणाली, "मशीनवाल्याकडं बोट फिरवाया गेलते गं. सपाट लागलं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून निपाणीला गेले. स्टँडवरून घरी न जाता थेट शेडवर. आणि चपला घालून आत गेले. मुद्दाम.

अण्णा काम करत होते. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. कडी लावायला उठले मात्र नाहीत.

"अण्णा, साहेबाला भेटला असता तर काय झिजला असता?"

"बूट न्हाय काढलं त्यानं."

"न्हाय काढलं तर न्हाय! शिळा तर तुमच्या हातात ऱ्हायली असती. पाठीवर कोरलं असतं तुमी, नावं आत तरी ऱ्हायली असती. तुमाला म्हाईत नव्हतं, मशीनवाला काय करंल ते? म्हाईत होतं! तरी बसला आत!"

त्यांनी छिन्नी पुन्हा दगडावर टेकवली. त्यामुळं मला आणखी चेव चढला.

"आन् तुमच्या राजानं तरी काय दिवे लावले? बूट काढत न्हाईत म्हणून भेटला न्हाय. सही केली न्हाय. मुलूख ऱ्हायला काय? पोराला बैलगाडीत घालून न्हेलं आन् रत्नागिरीत कुजवलं! राजाचा मान ऱ्हायला, बाकीच्यांचं काय? तुमचाबी मान ऱ्हायला अण्णा. माज्या आईचं नाव गेलं."

माझा आवाज वखारीपर्यंत गेला असणार. अण्णांनी छिन्नी खाली ठेवली. त्या पांढऱ्या देवळांच्या चित्राच्या काचेवरचा भुगा पंज्यानं पुसला. मग विचारलं, "राजानं उठून दारात याला पायजे हुतं म्हणतीस?"

"व्हय!"

"हं," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

मला वाटलं होतं, माफी मागतील, निदान भांडतील तरी. त्या एका "हं"वर मी सहा महिने जळत होते. त्यांचा निरोप आला तरी उत्तर दिलं नाही. बेळगावात बसून मनातल्या मनात त्यांना आणि त्यांच्या राजाला शिव्या मोजत होते. कामाच्या ठिकाणी कुणी पायपुसण्यावर बूट घासत आत आलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि कुणाचा राग कुणावर काढतेय ते मलाच कळायचं नाही.

ह्या काळात अण्णा काय करत होते ते मला मागाहून आईकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. शेड सोडून कुठं न जाणारा माणूस दारोदार फिरायला लागला. एकवीस घरं. उंबऱ्याबाहेर चपला काढायचे, आत जाऊन जमिनीवर बसायचे. झालं होतं असं, की नावांचा कागद वाळवीनं खाल्ला होता. कोण कुठल्या ओळीत, हे त्यांना धड आठवत नव्हतं. आणि ज्यांना आठवत होतं त्यांना वाचता येत नव्हतं. पण हाताला ठाऊक होतं. "माज्या डाव्या अंगाला सुशीला," आईनं सांगितलं, "तिचं नाव लांबडं हाय, बोट घसरून तितंच जायाचं." सुशीलाक्का म्हणाली, माझ्या खाली गंगू. गंगूबाई वारलेली, तर तिच्या सुनेनं भिंतीवर हात फिरवून जागा दाखवली. असं करत करत शिळा पुन्हा जुळली, ओळ न् ओळ.

ह्या वेळी संगमरवर नव्हता. काळा दगड, चांगला लांबरुंद, शाळेच्या दारात पायरी म्हणून बसेल असा. नव्या इमारतीचा गवंडी तोच, ज्याच्या हाताखाली ह्या बायकांनी वाळू वाहिली होती. ठेकेदाराला पायऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. दगड नुसता वाळूवर बसवला, सिमेंट नाही, कोरी बाजू वर. धंद्याची रीत, फक्त उलटी.

मला आईनं एवढंच सांगितलं, उद्घाटनाला ये. मी म्हटलं, त्या माणसाचं तोंड बघायला मी येणार नाही. आई म्हणाली, "तोंड नगं बगू. पाय बग."

त्या सकाळी साहेब यायच्या तासभर आधी गवंड्यानं आणि बायकांनी पहारी घालून पायरी उलटवली. मी पोचले तेव्हा आई पदरानं अक्षरांतली वाळू झाडत होती. तिसरी ओळ, दुसरं नाव. मी चपला कडेला भिरकावल्या आणि गुडघ्यावर बसून माझंही बोट त्यातून फिरवलं. ह्या वेळी आणखी खोल होतं. पेर बुडत होतं.

अण्णा कुठं दिसेनात. आई म्हणाली, रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यावर बसल्यात, हिकडं याला तयार न्हाईत.

साहेब आले. ताशा, हार, मोबाइल वर धरलेले शंभर हात. शाळेची पोरं रोजच्या सवयीप्रमाणं चपला बाहेर काढून ओळीनं उभी. दाराशेजारी भिंतीत पडद्यामागं आमचीच शिळा, घासून गुळगुळीत केलेली, तिच्यावर साहेबांचं नाव मशीननं कोरून सोनेरी रंगात. तो सोनेरी रंग दोन पावसाळ्यांत उडाला आणि अक्षरं इतकी वरवरची, की आता उजेडाकडं तिरकं बघितल्याशिवाय लागत नाहीत. पण हे पुढचं. त्या दिवशी ते लखलखत होतं आणि साहेबांचा बूट पायरीकडं उचलला गेला होता.

एकवीस जणींतल्या सतरा राहिल्या होत्या. त्या पायरीवर बसल्या. कुणी घोषणा दिली नाही, काही नाही. आपापल्या नावापाशी बसल्या.

"ए म्हातारे, सर बाजूला," एक कार्यकर्ता आईवर खेकसला. मी पुढं झाले. त्या दिवशी मी त्याला खरंच मारलं असतं. आईनं हातानं मला मागं सारलं. माझ्या आईनं जन्मात कुणापुढं आवाज चढवलेला नाही, तेव्हाही चढवला नाही.

"साहेब, नावं हायत हितं आमची," ती म्हणाली. "पायातलं काढा, मग बोला."

साहेब हसले. कुणीच हसलं नाही म्हणून थांबले. मोबाइलवाल्यांकडं बघितलं. पोरांच्या अनवाणी ओळीकडं बघितलं. दार एकच, आणि दारात सतरा म्हाताऱ्या. मग एका माणसाच्या खांद्यावर हात टेकून, लाल तोंडानं, ते वाकले. नाडीचे बूट होते. वेळ लागला.

मी धावत सुटले. भर उन्हात, तापलेल्या डांबरावरून, रस्ता ओलांडून. पाय भाजले तेव्हा कळलं, चपला तिकडंच राहिल्या.

अण्णा बाकावर बसले होते. हातातला चहा थंड झालेला, एक घोट घेतलेला नव्हता. सहा महिन्यांत किती वाळले होते! हातांच्या काड्या झाल्या होत्या. एवढी खोल अक्षरं त्या हातांनी मारली कशी, देव जाणे. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटल्या, आधीच का नाही केलंत म्हणून.

"अण्णा, काढले!" मी म्हटलं.

त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग वर बघितलं.

"दोनी?"

"दोन्ही."

त्यांनी चहा बाकावर ठेवला. पांढऱ्या भुवयांखाली डोळे भरून आले होते.

"मग तार करा गं कुनीतरी मंडालेला," अण्णा म्हणाले. "आमच्या राजाला कळवाय पायजे."